ख्रिस्ताची टिंगल झाली तर पोलिसांत जावं का? बोलण्याचं स्वातंत्र्य आणि ख्रिस्ती भूमिका

वसई_युवागट यांचा प्रश्न

सर्वांना जय ख्रिस्त. धर्मग्रामाच्या युवागटात बोलण्याच्या स्वातंत्र्यावर दीड तासाचं सत्र घ्यायचं आहे. उदाहरण म्हणून विलेपार्ले-इर्ल्याचं २०१२ चं प्रकरण ठरलंय. तिथल्या वेलंकनी मातेच्या चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं आणि लोक ते श्रद्धेने भरून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी करून सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढलं जाऊन, भिंतीतून वर चढतंय. चर्च पैशासाठी चमत्कार रचतं, असंही ते टीव्हीवर बोलले. त्यावरून दंडसंहितेच्या कलम २९५-अ खाली (धार्मिक भावना दुखावणं) तक्रारी झाल्या आणि ते त्याच वर्षी फिनलंडला गेले.

माझे प्रश्न असे. अशा वेळी तक्रार करणं ख्रिस्ती दृष्टीने बरोबर का? आजचा कायदा नेमका काय म्हणतो? सुवार्ता सांगताना हीच कलमं आपल्यावर कशी येऊ शकतात? आणि चर्चच्याच कारभाराबद्दल बोलायचं असेल तर? नुसती वचनांची यादी नको. कोणतं वचन कुठे लागू पडतं आणि कुठे पडत नाही, ते हवंय.

---

जुना_करार

सुरुवात एका गोष्टीपासून करा, कारण ती आपण वधस्तंभासमोर गुडघे टेकतानाही विसरतो: आपल्या प्रभूवरचा आरोप देवनिंदेचा होता. मत्तय २६:६५ मध्ये प्रमुख याजक वस्त्रं फाडून म्हणतो, याने दुर्भाषण केलं, आता साक्षीदारांची गरजच काय? योहान १९:७ मध्ये तर कायद्याचाच हवाला आहे: आम्हाला नियमशास्त्र आहे आणि त्याप्रमाणे हा मेला पाहिजे. ते नियमशास्त्र म्हणजे लेवीय २४:१६. तुमच्या सत्रात कोणीतरी हेच वचन काढेल की "देवाची निंदा करणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे". तेव्हा ही दोन पानं शेजारी ठेवून वाचा. ते कलम आपल्याच प्रभूवर लावलं गेलं आणि प्रेषितांची कृत्ये ६:११-१३ मध्ये खोटे साक्षीदार उभे करून पहिला हुतात्मा स्तेफन याच्यावरही. ते वापरणाऱ्यांना आपण देवाची बाजू घेतोय असंच वाटत होतं.

मग अपमान झाल्यावर करायचं काय? योहान १८:२३. शिपायाने गालात मारल्यावर येशू गप्प बसत नाही आणि शापही देत नाही. तो म्हणतो, मी वाईट बोललो असलो तर ते कसं वाईट ते सिद्ध कर, योग्य बोललो असलो तर मारतोस का? शब्दाला शब्दाने उत्तर मागणं म्हणजे हेच. लूक ९:५४ मध्ये शोमरोनी गावाने दार लावलं म्हणून याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागतात. पुढच्याच ओळीत प्रभू त्यांना धमकावतो, गावाला नाही.

दुसरं पान यिर्मया ३६. हे मुलांना सावकाश वाचून दाखवा. नववा महिना, राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या महालात बसलाय, पुढ्यात शेगडी पेटलीय. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेल्या संदेशाची गुंडाळी त्याला वाचून दाखवली जातेय. गुंडाळीची तीनचार पानं वाचून झाली की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. पूर्ण गुंडाळी संपेपर्यंत हेच चालतं. नंतर यिर्मया आपला लेखनिक बारूख याला सगळं पुन्हा सांगतो आणि ३२ वं वचन म्हणतं की तशाच आणखी पुष्कळ गोष्टी त्यात भरल्या गेल्या. बंदी घातल्याने मजकूर संपला नाही, वाढला.

एक सावधगिरी. "आम्ही जे पाहिलं व ऐकलं ते बोलणार नाही असं होणं शक्य नाही" (कृत्ये ४:२०) हे वचन अनेकदा आपल्याला हवं ते बोलायच्या परवान्यासारखं वापरलं जातं. पेत्र आणि योहान मारहाण सोसायला तयार होऊन हे बोलले होते, आणि बोलण्याचा विषय त्यांनी स्वतः पाहिलेला होता. ऐकीव गोष्ट, फॉरवर्ड होऊन आलेला व्हिडिओ, दुसऱ्या धर्माच्या देवतेवरची टवाळी यांना ते वचन लागू होत नाही. तिथे निर्गम २०:१६ लागू होतं, खोटी साक्ष देऊ नको. आणि याकोब ३:९-१०: ज्या जिभेने पित्याचा धन्यवाद करता तिनेच माणसाला शाप देता.

---

कायदा_वाचक

इर्ल्याच्या प्रकरणात नेमकं काय तपासायचं ते सांगतो.

आधी घटना. पाण्याचा स्रोत तुंबलेलं गटार होतं की नाही, हा तपासून पाहण्याचा प्रश्न आहे. भिंतीला हात लावून, पाण्याची तपासणी करून, गटार उपसून त्याचं उत्तर मिळतं. धर्मप्रांताने तो चमत्कार म्हणून जाहीर केलेला नव्हता. म्हणजे कारण सांगणाऱ्यामुळे कुठलाही सिद्धांत धोक्यात आलेला नव्हता. "पैशासाठी रचतात" हा वेगळा आरोप आहे, वस्तुस्थितीबद्दलचा. तो खोटा असेल तर हिशेब दाखवून खोडता येतो. सत्रात ही दोन वाक्यं फळ्यावर वेगवेगळी लिहा. तक्रारीत ती एकत्र मिसळतात आणि गाडी तिथेच घसरते.

आता कलम. २९५-अ दंडसंहितेत १९२७ साली आलं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दखलपात्र, अजामीनपात्र. पण त्यातले शब्द बघा: "बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने". १९५७ च्या रामजी लाल मोदी निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवताना सांगितलं की हे फक्त अपमानाच्या तीव्र, हेतुपुरस्सर प्रकारापुरतं आहे. निष्काळजीपणे किंवा नकळत झालेला अपमान त्यात येत नाही. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीच्या मासिक-मुखपृष्ठाच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. शिवाय न्यायालयाने दखल घ्यायच्या आधी केंद्र किंवा राज्य सरकारची मंजुरी लागते. बहुतेक तक्रारी पुढे सरकत नाहीत त्या इथे. मधल्या काळात माणसाची अटक, प्रवास, नोकरी यांची वाट लागलेली असते ते निराळंच.

राज्यघटनेच्या १९(२) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालायची कारणं मोजून दिली आहेत: सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. "भावना दुखावणं" हे या यादीत नाही. ते सुव्यवस्थेच्या दारातून आत येतं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशी तीन पातळ्यांची विभागणी केली आणि फक्त तिसऱ्या पातळीवर निर्बंध चालतो असं ठरवलं. २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालातही एक कामाचं वाक्य आहे. बोललेल्या शब्दांचा परिणाम कणखर मनाच्या माणसाच्या मापाने मोजायचा, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्याच्या मापाने नाही. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेचे बोलण्याबाबतचे गुन्हे असतील तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करावी, असं त्यात आहे. चौकशीला मुदत १४ दिवस.

बंदीच्या मागणीबद्दल एकच उदाहरण. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' चित्रपटावर गोव्यासह काही राज्यांनी बंदी आणली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तिथली बंदी रद्द केली, कारण हुकूम काढणाऱ्यांनी चित्रपट पाहिलाच नव्हता, निवेदनांवर विसंबून हुकूम निघाला होता. न पाहता सही करणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

---

नगरकर_पाळक

वरच्या दोन्ही उत्तरांतलं बरंचसं पटतं, तरी एक बाजू राहिली. "दुसरा गाल पुढे कर" हे माझ्या गालाबद्दल आहे. माझ्या मंडळीतल्या विधवेच्या घरावर दगड पडत असतील तर तिचा गाल पुढे करायचा मला अधिकार नाही. पौलाने फिलिप्पैत मार खाल्ला, पण दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना सांगितलं की आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (कृत्ये १६:३७). पुढे त्याने कैसराकडे दाद मागितली (२५:११). कायद्याचा आधार घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

म्हणून मी मजकुराचे तीन ढीग करतो. पहिल्यात ख्रिस्ताची, मरियेची, पवित्र शास्त्राची टवाळी. त्याला उत्तर द्या, प्रार्थना करा, पोलीस नको. दुसऱ्यात चर्चबद्दल किंवा व्यक्तीबद्दल चुकीची माहिती. इथे खुलासा मागा. तिसऱ्यात "यांना गावातून हाकला", "यांची घरं पेटवा", प्रार्थनेला जमणाऱ्यांचे पत्ते आणि फोटो. इथे एक दिवसही थांबू नका.

तिसऱ्या ढिगासाठी काय करायचं ते नीट लिहितो, कारण इथेच घोटाळे होतात. लोक चिडून मजकूर डिलीट करायला लावतात आणि पुरावा जातो. आधी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात दुवा, तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसलं पाहिजे. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल उतरवून ठेवा, व्हॉट्सअॅपवरून आलेली, आकार लहान झालेली प्रत नव्हे. ज्या मोबाइलवर ते घेतलं तो बदलू नका, रीसेट करू नका. न्यायालयात असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ यंत्र वापरणारा भरतो, भाग ब तज्ज्ञ, आणि दोन्हींत फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) लिहावी लागते. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यावर जाऊन सही करा, नाहीतर ती नोंदली जात नाही. तक्रारीत "आमच्या भावना दुखावल्या" ही ओळ पहिली नको. कोणी, कधी, कोणाला, काय करायला सांगितलं, हे पहिलं.

दुसऱ्या ढिगाला वर्तमानपत्र असेल तर आधी संपादकांना पत्र. एक पान पुरे: छापलेलं वाक्य जसंच्या तसं, चूक काय, बरोबर माहिती आणि तिचा कागद. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिक किंवा साप्ताहिकासाठी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, इतर नियतकालिकांसाठी चार महिने. संपादकांना लिहिल्याचा पुरावा जोडला नाही तर तक्रार तिथेच अडते.

---

रायतूरची_वाट

इतिहास वगळून हे सत्र घेऊ नका. आपण फक्त छळ सोसणारे होतो असं चित्र उभं राहील, आणि ते खरं नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात, साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन, कारण देवनागरी खिळे नव्हते. "जैसी हरळांमाजि रत्नकिळा" ही मराठीची थोरवी गाणारी ओवी त्यातलीच. तेच पुस्तक छापायला त्या काळी धार्मिक न्यायसभेची (इन्क्विझिशनची) मंजुरी लागत असे. गोव्यातली ही न्यायसभा १५६० ते १८१२ चालली, मध्ये १७७४ नंतर चार वर्षं बंद होती. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने स्थानिक लोकांना कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला तीन वर्षांची मुदत दिली. एकाच शतकात एकाच प्रदेशात ख्रिस्ती हातांनी मराठीत महाकाव्य रचलं आणि ख्रिस्ती सत्तेने लोकांची जीभ बांधायला घेतली. मुलांना दोन्ही सांगा.

रोमची निषिद्ध पुस्तकांची यादी १५५९ ची, ती रद्द झाली १९६६ मध्ये. प्रॉटेस्टंटांनीही हात झटकू नयेत. इंग्रज कवी मिल्टनने १६४४ मध्ये छपाईच्या पूर्वपरवान्याविरुद्ध पत्रक लिहिलं, तेही परवाना न घेता छापलं. सत्य आणि असत्याला उघड झुंजू द्या, हे त्याचं म्हणणं. पण कॅथलिकांना ती मोकळीक द्यायला तो तयार नव्हता. त्याच वर्षी रॉजर विल्यम्सने मात्र लिहिलं की यहुदी, तुर्क, मूर्तिपूजक, अगदी ख्रिस्तविरोधी, सगळ्यांच्याच विवेकाला मोकळीक हवी. माझ्या मते शास्त्राशी जास्त प्रामाणिक तोच.

कॅथलिक गटासाठी मुख्य दस्तऐवज म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची धर्मस्वातंत्र्यावरची घोषणा, ७ डिसेंबर १९६५. तिचा चौथा परिच्छेद सर्वांसमोर मोठ्याने वाचा. धर्माचा प्रसार करताना जबरदस्ती नको, आणि गरीब किंवा अशिक्षित लोकांशी वागताना तर न शोभणारं मन वळवणंही नको, असं त्यात स्पष्ट आहे. बोलण्याचा हक्क आणि बोलण्याची मर्यादा एकाच कागदावर.

---

वसई_युवागट

मनापासून आभार. तीन ढीग तसेच्या तसे घेतोय. आता सुवार्तेबद्दल कोणी सविस्तर सांगेल का? चौकात पत्रकं वाटणं, ध्वनिक्षेपक, परदेशातून आलेले पाहुणे वक्ते, आजार बरे झाल्याच्या साक्षी, या चारही गोष्टी गटात विचारल्या जाणार.

---

कायदा_वाचक

घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म "प्रसारित" करण्याचा हक्क आहे. या एका शब्दावर ६ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत जोरदार वाद झाला. तो ठेवावा म्हणणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते. त्यांचा युक्तिवाद असा की हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याखाली दुसऱ्याचं मन वळवायला मोकळीक राहिलीच असती. म्हणजे सुवार्ता आणि अभिव्यक्ती यांची गाठ तिथेच बांधली गेली. १९७७ च्या रेव्हरंड स्टेनिस्लॉस निकालाने मर्यादा घातली: आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा हक्क नाही. पत्रकातली भाषा या रेषेच्या अलीकडे ठेवा. "येशूने असं शिकवलं" चालतं. "शाळेची फी भरू, प्रार्थनेला या" कधीच नको, कायद्याने नको आणि वर सांगितलेल्या व्हॅटिकन घोषणेच्या चौथ्या परिच्छेदानेही नको.

चौकात जायच्या आधी त्या दिवशी पोलीस आयुक्तांचा किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आहे का ते ठाण्यात विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(३) खाली जमाव आणि मिरवणुकीवर असे आदेश वारंवार निघतात आणि लोकांना पत्ता नसतो.

ध्वनिक्षेपकाबद्दल भ्रम नको. २००० मध्ये चेन्नईच्या चर्च ऑफ गॉड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चर्चविरुद्धच निकाल दिला. आवाज वाढवून किंवा ढोल वाजवून इतरांची शांतता मोडा असं कुठलाच धर्म सांगत नाही, असं त्यात म्हटलं आहे. लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंद, निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल.

पाहुणा वक्ता परदेशी असेल तर लक्षात घ्या, १९(१)(अ) फक्त नागरिकांसाठी आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्याला व्यासपीठावर चढवू नका. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्या आपल्याच मराठी नातेवाइकालाही मिशनरी कामासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते, ४ मार्च २०२१ ची अधिसूचना आहे.

साक्षींबद्दल सर्वात जास्त काळजी घ्या. "प्रार्थना केली, बरं वाटलं" ही साक्ष. "औषध बंद करा" हा गुन्ह्याचा रस्ता. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं येतं, आणि कुत्रा, साप, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखणंही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. साक्ष देणाऱ्याकडून आधी लिहून घ्या, डॉक्टरचं नाव आणि रिपोर्ट नसेल तर आजाराचं नाव पत्रकात छापू नका.

---

जुना_करार

यात एक वचन जोडा: कृत्ये १९:३७. इफिसच्या नाट्यगृहात जमाव दोन तास "अर्तमी थोर!" ओरडतोय. जमावाला शांत करणारा नगराचा लेखक (म्हणजे चिटणीस) ख्रिस्ती नाही, तरी तो साक्ष देतो की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. पौल त्या शहरात दोन वर्षांवर राहिला होता. हातांनी केलेले देव हे देव नव्हेत, हे त्याने उघड शिकवलं होतं (१९:२६). इतकं स्पष्ट बोलूनही देवीची टवाळी केली असं कोणाला म्हणता आलं नाही. आपलं पत्रक छापायला जाण्याआधी हीच कसोटी लावा: गावातल्या ख्रिस्ती नसलेल्या माणसाला वाचायला द्या आणि कुठे बोचलं ते विचारा.

---

नगरकर_पाळक

चौथा प्रश्न राहिला, चर्चच्या कारभाराचा. कॅथलिकांसाठी धर्मविधान संहिता १९८३, नियम २१२ चा तिसरा भाग. चर्चच्या भल्याच्या गोष्टींवर आपलं मत धर्मगुरूंना सांगणं हा विश्वासूंचा हक्क आहे, कधीकधी कर्तव्यही, आणि ते इतर विश्वासूंनाही कळवता येतं. आदर राखून, ही अट. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मत्तय १८:१५-१७ ची पायरी: आधी एकट्याला, मग दोघातिघांसमोर, मग मंडळीला. पण ही पायरी दोन माणसांतल्या अपराधाची आहे. लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर तिचा आधार घेऊन कोणी "आधी एकट्याला भेटा" म्हणत असेल तर ऐकू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पैशाच्या तक्रारी व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. न्याय संहितेच्या बदनामीच्या कलम ३५६ ला अपवाद आहेत. त्यातला एक असा की कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावाने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. तोच मजकूर बिशपांना किंवा विश्वस्तांना पत्राने गेला तर हे संरक्षण मागता येतं, तीनशे जणांच्या गटावर गेला तर हा अपवाद उपयोगी पडत नाही. पत्रात ताळेबंदाचं वर्ष, पान आणि रक्कम लिहा, हेतूबद्दल एक शब्दही नको. पोच घ्या. ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झालेल्या हिशेबपत्रकाची प्रत मागवता येते, ती आधी हातात घ्या आणि मग पत्र लिहायला बसा.